उजव्या बाजूचा बल्ब

“एक डोळा मिटून आली बघ,” बाबा पायरीवरूनच म्हणाले.

कोपऱ्यावरून आमची लाल मारुती वळत होती. डावा दिवा लागलेला, उजवा बंद. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. मलकापुरात त्या दिवसांत सव्वासहालाच अंधारून येतं. आई उतरली, डब्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि बाबांकडे न बघता म्हणाली, “काही बोलू नका. आधी चहा.”

“मी कुठं बोलतोय? मी मोजतोय. तीन झाले.”

“ऑक्टोबरपासून तीन,” मी म्हणाले. “आणि तिन्ही उजव्याच बाजूचे.”

“तू त्यांना आकडे पुरवू नकोस,” आई म्हणाली.

आई सरकारी आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट होती. सप्टेंबरात तिची बदली आंबा घाटाखालच्या एका गावात झाली. सकाळी स्वतः गाडी चालवत घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. निवृत्तीला चार वर्षं होती आणि ती चारही वर्षं नोकरी करायची, हे तिचं ठरलेलं होतं. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. त्यांचंही ठरलेलं होतं. टीव्हीवर पेपरवेटखाली स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ठेवलेला होता. तो बाबांनीच फळ्यावरच्या अक्षरात लिहिला होता. खाली फक्त आईची सही राहिली होती.

“तीन महिन्यांची नोटीस लागते,” बाबा चहा ओतताना म्हणाले. “एकतीस डिसेंबरच्या आत दिला तर मार्चअखेर मोकळी होशील.”

“बल्ब गेला म्हणून नोकरी सोडू?”

“शैला, त्या घाटात धुकं उतरलं की दोन दिव्यांनीही दिसत नाही. समोरच्याला वाटतं मोटरसायकल येतेय. तो अंगावर घालतो.”

“मग बल्ब चांगला आणा. माझी सही कशाला आणता?”

“चांगलाच आणलेला. तिन्ही वेळा मी स्वतः आणला.”

आईने कप खाली ठेवला. भांडण वाढायला लागलं की ती असं काहीतरी बोलून मोकळी व्हायची, जे नंतर मागे घेता यायचं नाही. “ठीक आहे. वर्ष संपेपर्यंत अजून एक बल्ब गेला, तर मी सही करते. नाही गेला, तर हा कागद चुलीत. आणि यावेळी बल्ब तुम्ही आणायचा नाही. हेमांगी आणेल.”

“मी?”

“एम.एस्सी. फिजिक्स झालीस ना? सहा महिने घरात बसून नोकरीच्या जाहिराती वाचतेस. एवढं एक लाव मार्गी.”

माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग म्हणून मी तो बल्ब फार मनावर घेतला.

दुसऱ्या दिवशी मी बाबालाल मुल्लांच्या दुकानात गेले. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे मुल्लाभाई बाबांचे जुने विद्यार्थी. त्यांनी गिऱ्हाइकांच्या खुर्चीवरून बॅटरी उचलली आणि मला बसवलं.

“बोला ताई. उजेड पायजे का टिकाऊ पायजे?”

“दोन्ही.”

“मग सूर्य बसवा.”

“दोन्ही का मिळत नाही?”

“त्ये तुमी सांगायचं. मी आठवी नापास. सरांनीच केलं.”

मी त्यांना सांगितलं. बल्बमधली तार जितकी जास्त तापते तितका उजेड जास्त आणि तितकी ती लवकर झिजते. व्होल्टेज पाच टक्के वाढलं तर बल्बचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. मुल्लाभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि काउंटरवर तीन खोकी मांडली.

“ह्यो साधा. साठ-पंचावन्न वॉट. ह्यो निळी काच, पोरं लावत्यात. समोरच्याचं डोळं दिपत्यात आन आपल्याला कायबी दिसत न्हाई. आन ह्यो शंभर-नव्वद, ट्रकवालं नेत्यात. उजेड म्हणाल तर वरातीसारखा. पण होल्डर वितळतो, वायर जळती आन पोलीस धरतो.”

“आमचे तीन कशाने गेले?”

“त्येच मलाबी कळंना. सर स्वतः बल्ब घिऊन आलं, घरातनं. मी नुसता बसवला. डाव्या बाजूचा तीन वर्सामागं म्याच बसवलाय. त्यो अजून हाय का न्हाई?”

“आहे.”

“मग? हात तर माझंच हुतं.”

हा मुद्दा बिनतोड होता. मी तो वहीत लिहून घेतला. तिन्ही बल्ब घेतले आणि बिल मागितलं. मुल्लाभाईंनी बिल फाडून दिलं. त्यावर त्यांच्या अंगठ्याचा काळा, ठसठशीत ठसा उमटला होता. खोक्यावरची बारीक अक्षरातली सूचना मी वाटेत वाचली: काचेला बोट लावू नका. कारण मला माहीत होतं. हॅलोजनची काच क्वार्ट्झची असते आणि ती भयंकर तापते. बोटाचं तेल-मीठ तिला लागलं तर तेवढाच भाग पांढरा पडतो, कमकुवत होतो आणि फुगतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी प्रकाश मोजायचं यंत्र मागून आणलं. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांचा विरोध कुठल्या कुठे गेला. शनिवारी संध्याकाळी आम्ही गाडी हायस्कुलाच्या मागच्या भिंतीसमोर नेली. बाबांनी टेपने दहा मीटर मोजले, खडूने भिंतीवर फुली मारली, चाकांना दगड लावले. मी आईकडून आणलेले रबरी हातमोजे चढवले.

“कुणाचं बाळंतपण आहे?” बाबांनी विचारलं.

मी त्यांना क्वार्ट्झचं सांगितलं. ते लक्षपूर्वक ऐकत होते. मग खिशावर हात ठेवून म्हणाले, “बोट नुसतं लागलं तरी?”

“नुसतं लागलं तरी.”

“हं. कंपन्या लिहितात काहीही. आमच्या वेळी सर्कशीतला माणूस पेटता बल्ब खायचा.”

सप्टेंबरअखेरपासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाची एक पुडी असायची. पोटासाठी सोडा आहे, असं ते सांगायचे. आईला ते अजिबात आवडत नव्हतं. रक्तदाब असलेल्या माणसाने सोडा खाऊ नये म्हणून ती पुडी मागायची आणि बाबा खिशावर हात दाबून धरायचे. सत्तावीस वर्षं मुलांच्या खिशातून चिंचा जप्त केलेला माणूस स्वतःचा खिसा मात्र असा सांभाळायचा.

“साधा बल्ब, नव्वद,” मी फुलीपाशी उभी राहून ओरडले.

“नव्वद कसले? आंबे? एकक सांग.”

“नव्वद लक्स.”

“पुढचा.”

निळ्याने पंचाहत्तर दिले. शंभर-नव्वदवाल्याने एकशे चाळीस दिले आणि दहा मिनिटांत रबर जळाल्याचा वास. बाबांनी तिन्ही आकडे माझ्या वहीत रकाने आखून लिहिले, खाली तारीख घातली आणि हवामान ‘स्वच्छ, किंचित वारा’ असं नोंदवलं. ते इतके खुशीत होते की अर्जाचा विषयच निघाला नाही.

मग मी दिव्याच्या पिनांवर व्होल्टेज मोजलं. दोन्ही बाजूंना बारा व्होल्टसुद्धा पोचत नव्हते. जुनी वायर वाटेतच खात होती.

“मग सापडलं की,” बाबा म्हणाले.

“नाही ना. उलट आहे. इतक्या कमी व्होल्टेजवर बल्ब मंद जळतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. डावा तसाच टिकलाय. उजव्याने म्हातारं होऊन मरायला हवं होतं.”

“मग वीस दिवसांत कसा जातो?”

“तेच कळत नाही.”

बाबा बराच वेळ बोनेटमध्ये बघत राहिले. “खड्डे उजवीकडे जास्त असतील,” ते शेवटी म्हणाले.

मीही तेच धरून चालले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. साधा बल्ब निवडला. रविवारी दुपारी मुल्लाभाईंकडून रिले बसवून घ्यायचा, म्हणजे बॅटरीचा प्रवाह थेट दिव्याकडे जाईल आणि उजेड वाढेल. दिव्यामागे रबराची पट्टी द्यायची, म्हणजे हादरे कमी बसतील. बल्ब काढून परत खोक्यात घातला आणि बाबांच्या टेबलावर ठेवला. रविवारी हातमोजे घालून तो मी स्वतः बसवला. मुल्लाभाईंना मी त्याच्याजवळ फिरकूही दिलं नाही.

“लेकराला बी इतकं कुणी जपत न्हाई,” ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी आई आली ती हसत. “अगं, वळणावरचे पांढरे दगड दिसले मला. तिथं दगड आहेत हेच माहीत नव्हतं.”

डिसेंबर सुरळीत चालला. आई रोज परतली की मी दारातूनच दोन दिवे मोजायचे. बाबाही मोजायचे, पण बोलायचे नाहीत. मंगळवारी ते पेन्शनच्या कामाला म्हणून एसटीने जायचे आणि संध्याकाळी आईच्या आधी घरी हजर असायचे. अर्ज टीव्हीवर होता. त्यावरची धूळ पुसायचं काम आमच्यापैकी कुणीच करत नव्हतं.

एकदा जेवताना घाटमाथ्यावरच्या देवीचा विषय निघाला. तिथे प्रत्येक गाडीवाला थांबतो, नारळ वाढवतो आणि अंगाऱ्याचं बोट गाडीला ओढून मगच घाट उतरतो. बाबांनी आयुष्यात तिथे गाडी थांबवली नव्हती. शाळेच्या सहलीची एसटी तिथे थांबली तेव्हा त्यांनी चाळीस मुलांना खाली उतरवून घर्षणाचा धडा घेतला होता.

“ब्रेकला अंगारा लावून चालत नाही, त्याला ऑइल लागतं,” ते आताही म्हणाले.

“बरं,” आई म्हणाली आणि त्यांच्या पानात आमटी वाढली. वाढताना तिने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, असं मला वाटलं.

एकोणतीस डिसेंबरला, मंगळवारी, आई पावणेसातला आली. डावा दिवा लागलेला होता.

तिने हातपाय धुतले, चहा घेतला, पेपरवेट बाजूला केलं आणि अर्ज टेबलावर आणला. “शब्द म्हणजे शब्द,” ती म्हणाली. “जेवण झालं की करते सही. उपाशीपोटी नको.”

बाबा जिंकले होते. पण ते खुर्चीत असे बसले होते, जणू त्यांचीच बदली झाली आहे.

“घाई काय आहे,” ते म्हणाले. “अजून दोन दिवस आहेत.”

“तुम्हीच म्हणालात ना, एकतीसच्या आत?”

मी हातमोजे घेतले आणि अंगणात गेले. बल्ब थंड होईपर्यंत थांबले, क्लिप सोडवून तो बाहेर काढला आणि स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली बाबांच्या वाचायच्या भिंगातून बघितला. काच एका बाजूने टेंगूळ आल्यासारखी फुगली होती आणि तिथे दुधाळ पांढरा डाग होता. डागात बारीक रेषा होत्या. वळणावळणाच्या, एकाशेजारी एक.

अंगठा होता तो.

आधीचे तीन बल्ब मी एका डब्यात जपून ठेवले होते. पूर्वी मी त्यांची फक्त तार बघितली होती. शिकवलेलं तेवढंच बघायची माझी सवय. आता काच बघितली. तिन्हींवर त्याच जागी तोच डाग. मुल्लाभाईंचं बिल शेजारी ठेवलं. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा गोल, अखंड होत्या. बल्बवरच्या ठशातून मात्र एक तिरकी रेघ आरपार गेली होती.

ती रेघ मी लहानपणापासून ओळखत होते. आठवीच्या वर्गात प्रयोग दाखवताना परीक्षानळी फुटली तेव्हा ती बाबांच्या उजव्या अंगठ्यावर आली होती. मला अक्षरं शिकवताना हाच अंगठा माझ्या पेन्सिलीवर असायचा.

मी त्यांना मागच्या दारी बोलावलं. “अंगठा दाखवा.”

“कशाला?”

“दाखवा तर.”

त्यांनी तो मुठीत घातला. तेवढ्यावरून मला कळलं.

“बाबा, भांडायचं तर आईशी समोरासमोर भांडायचं. बल्ब काय घालवता? मी सांगितलं होतं तुम्हाला, बोट लागलं तरी काच जाते. सांगितल्यावरही लावलंत. तिची नोकरी सुटावी म्हणून?”

बाबा धुण्याच्या दगडावर बसले. “असं वाटलं तुला?”

“दुसरं काय वाटणार? मी आकड्यांवरून बोलतेय. चार बल्ब, चार ठसे.”

त्यांनी खिशातून ती पुडी काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली. सोडा नव्हता. करड्या रंगाची मऊ राख होती.

“देवीचा अंगारा?” मी विचारलं.

“हळू बोल.”

“मंगळवारची पेन्शन म्हणजे…”

“एसटी तिथे दहा मिनिटं थांबते,” बाबा अपराधी आवाजात म्हणाले. “चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, की असं काही नसतं. नसतंच. पण ती पहिल्या दिवशी घाट उतरली तेव्हा मी इथे बसून किती वेळा घड्याळ बघितलं, तुला माहीत नाही. म्हटलं, लावून बघू. नसेल तर नसेल. नुकसान तर नाही ना.”

“आणि बल्बलाच कशाला? गाडीला लावायचा.”

“गाडीला लावला तर दिसेल. आतल्या बल्बला लावला आणि पुसला, की कुणाला कळणार?”

“कशाने पुसलात?”

त्यांनी अंगठा वर केला.

“हातमोजे तरी घालायचे. मी ठेवले होते तिथेच.”

“देवाचं काम हातमोजे घालून करतात होय?”

मला हसू यायला लागलं होतं, पण अजून एक गोष्ट राहिली होती. “राख म्हणजे अल्कली, बाबा. तापलेल्या क्वार्ट्झला अल्कलीसारखं वाईट दुसरं काही नाही. नुसत्या बोटाने कदाचित दोन महिने टिकला असता. राखेत अल्कली असते हे आठवीत तुम्हीच शिकवलंय. मुल्लाभाई त्यातच नापास झाले असतील.”

“राखेचा प्रश्न चार मार्कांना होता,” बाबा खिन्नपणे म्हणाले. “त्याने कोरा सोडला.”

“आणि डाव्याला का नाही लावला? तो तीन वर्षं मजेत आहे.”

त्यांनी पुडीची घडी घातली. मग जरा वैतागून, इतकं साधं मला कळू नये म्हणून म्हणाले, “ती उजव्या बाजूला बसते ना.”

मागच्या दाराची कडी वाजली. आई उंबऱ्यात उभी होती, कानामागे पेन. ती कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक.

“नारळवाली मला सांगायची,” ती म्हणाली. “तुमचे सर दर मंगळवारी येतात, लांबून हात जोडतात आणि पुडी नेतात. मी रोज थांबते तिथे. बंपरला बोट लावते आणि पुढच्या वळणावर रुमालाने पुसते, तुम्ही बोलाल म्हणून.”

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? मला वाटलं, मी नोकरी सोडावी म्हणून नवस करायला जाता. म्हटलं, देवीपुढे कोण जिंकतं ते बघू.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आणि मी रोज हिच्यासाठी…” ते म्हणाले आणि थांबले. त्यांना ते वाक्य पुरं करता येईना, म्हणून ते चष्मा पुसायला लागले. अंगठ्यानेच.

आई आत गेली. आम्ही मागोमाग गेलो. तिने टेबलावरचा अर्ज उचलला. बाबांचं ते सुरेख अक्षर तिने एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. मग कागदाची कड नखाने दाबून त्याचा बरोबर चौकोन फाडला.

“द्या ती पुडी,” ती म्हणाली. “कागद बघा कसा मळलाय. सगळी राख खिशात सांडते.”

बाबांनी मुकाट्याने पुडी दिली. आईने अंगारा चौकोनावर ओतला आणि दवाखान्यात रोज शंभर वेळा घालते तशी घडी घातली. कागद दुमडला, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवली. कण बाहेर यायची सोय नाही. सहीसाठी आणलेलं पेन अजून तिच्या कानामागे होतं. ते काढून तिने पुडीवर काहीतरी लिहिलं आणि ती बाबांच्या खिशात ठेवून वरून थोपटली.

दुसऱ्या दिवशी मी पाचवा बल्ब बसवला. तो आईच्या निवृत्तीनंतरही दोन वर्षं जळत होता. गाडी विकताना तो काढून माझ्या प्रयोगशाळेत आणला. विद्यार्थ्यांना दाखवते, काच कशी स्वच्छ राहायला हवी ते. पुडी दाखवत नाही. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एका बाजूला बाबांच्या अक्षरात ‘स्वेच्छेने’ एवढा एकच शब्द शिल्लक राहिलाय आणि दुसऱ्या बाजूला, आई मलमाच्या डब्यांवर लिहायची तसं, खाली रेघ मारून:

फक्त बाह्य वापरासाठी.